लेखकाचं लाडकं, वाचकांचं नावडतं

मोठ्या लेखकांच्या विस्मरणात गेलेल्या पुस्तकांवरचा लेख वाचला. अशी पुस्तकं बहुतेक कच्चीच असतात, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. वाचक लेखकाला एकदा साच्यात बसवतात, मग बाकीचं आपोआप अडगळीत जातं.

मार्क ट्वेनचंच बघा. फ्रान्सची लढवय्यी संत जोन ऑफ आर्क हिच्यावरची त्याची कादंबरी १८९५ मध्ये मासिकात क्रमशः आली ती निनावी. का, तर नाव दिसलं की लोक विनोद शोधत बसणार! पुढे हेच आपलं सर्वोत्तम पुस्तक, असं तो सांगत राहिला. ऐकतो कोण? सगळ्यांना त्याची गाजलेली कादंबरी 'हकलबरी फिन'च हवी. (जोनची भक्ती मला जरा अतीच वाटली, मधली पानं रेटून वाचली. पण जोनवरच्या खटल्याचा भाग चुकवू नका.)

कॉनन डॉइलचंही तेच. 'द व्हाइट कंपनी'सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्याला जास्त मोलाच्या वाटायच्या, म्हणून १८९३ मध्ये आपला गाजलेला गुप्तहेर शेरलॉक होम्स याला कथेत दरीत ढकलून मोकळा झाला. वाचकांनी होम्सला परत आणवलं, कादंबऱ्या तिथेच राहिल्या.

आणि 'विनी द पू' या अस्वलाच्या बालकथांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मिल्नने १९२२ मध्ये चक्क एक खुनाची रहस्यकथा लिहिली होती, 'द रेड हाउस मिस्टरी'. लेखात ती हवीच होती.