फिस्टुला "शांत झाला" म्हणजे बरा झाला नव्हे, बंद पडला

आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर परत ते आलंय. "डायलिसिसच्या हाताचे सहा नियम, फिस्टुला 20 वर्षं खराब होणार नाही, 10 जणांना पाठवा", खाली हात जोडलेले आणि गुलाबाचं फूल. आधी निपाणीच्या मावशीनं पाठवलं, मग चंदगडच्या मामेभावानं, आणि परवा तर डायलिसिसला माझ्या शेजारच्या बेडवरच्या अण्णांनी मोबाईल पुढं करून वाचून दाखवलं तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यातनं आठवड्यातनं तीनदा बेळगावला जाणारा पेशंट आहे, डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या मशीनला रक्त घ्यायला ऑपरेशननं केलेली शिरेची जोडणी, आणि यातल्या दोन चुका मी स्वतः करून बसलोय.

नियम एक म्हणे "ऑपरेशननंतर त्या हातानं कायमचं कुठलंच काम करू नये, हात कापडात गुंडाळून गळ्यात अडकवून ठेवावा". कायमचं? अहो फिस्टुला म्हणजे काय तर मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेली असते, धमनीचं जोराचं रक्त शिरेत घुसतं आणि त्या जोरानं शीर हळूहळू रुंद आणि जाड होते, तेव्हा कुठं ती मोठी सुई सोसते. याला सहा-आठ आठवडे लागतात, कुणाला जास्त पण. तयार फिस्टुलातनं मिनिटाला साधारण 600 मिली तरी रक्त वाहावं लागतं कारण मशीनच मिनिटाला 250-300 ओढून घेतंय. जखम भरली की डॉक्टरच रबरी बॉल देऊन सांगतात दाबत बसा, आणि हा मेसेज म्हणतोय हात गळ्यात बांधा! आखडलेला हात आणि वर घट्ट कापड, दोन्ही वाईट. जेवणं, भांडी, गाडीत दांडा धरून उभं राहणं, सगळं चालतं. चालत नाही ते हे: भाताचं पोतं उचलणं, भरलेली पिशवी कोपराला अडकवणं, घट्ट घड्याळ, आणि त्या कुशीवर झोपणं. बायकांच्या बांगड्यांचं तर कुणी बोलतच नाही, हात सुजला की तोच चुडा रुतून बसतो. सणावाराला भरायचाच असेल तर दुसऱ्या हातात भरा की.

दुसरा नियम वाचून मला खरंच भीती वाटली. "हात जितका फुगेल आणि जितका जोरात उडेल तितका फिस्टुला मजबूत." आमच्या सेंटरमध्ये पण लोक एकमेकांचा फुगवटा कौतुकानं बघतात, बैलाचं वशिंड बघितल्यासारखं. खरं जरा नीट ऐका, कारण इथंच सगळे फसतात. चांगल्या फिस्टुलावर बोटं ठेवली की भुणभुण लागते, सलग, मांजर मांडीवर बसून गुरगुरतंय तशी, त्यालाच सिस्टर थ्रिल म्हणतात. कान लावला तर सूं सूं आवाज येतो. ही भुणभुण जाऊन नाडीसारखे टण टण ठोके यायला लागले तर ती ताकद नव्हे, पुढं कुठंतरी शीर अरुंद झाली आहे आणि रक्त तिथं जाऊन अडकतंय, पाटाच्या तोंडाशी गाळ साठल्यावर पाणी मागं तुंबतं तसं. मला एका टेक्निशियननं सोपी परीक्षा शिकवली, हात डोक्याच्या वर उचलायचा, नीट चालणारी शीर बरीचशी बसते, खाली आणला की परत भरते. वर करून पण दगडासारखी टम्म राहिली तर सांगायचं, मग ते डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करून बघतात, आणि लवकर कळलं तर बलून घालून अरुंद जागा रुंद करता येते. माझे ठोके दोन महिने असेच उडत होते आणि मी आपला सगळ्यांना दाखवत फिरत होतो, बघा कसा जोर आहे! शेवटी बलूनच करावं लागलं.

फुगवट्याचं पण तसंच आहे. थोडा फुगवटा वर्षानुवर्षं राहतो, त्यानं घाबरायचं कारण नाही, पण तो भराभर वाढत असेल, वरची कातडी पातळ होऊन चकाकायला लागली असेल, किंवा सुईच्या जागेवरची खपली पडतच नसेल तर त्याच दिवशी दाखवा, डायलिसिसच्या पुढच्या पाळीची वाट बघू नका, तो फुटला तर रक्त कारंज्यासारखं उडतं. तसं झालंच तर घरातले टॉवेलवर टॉवेल गुंडाळत बसतात, आत किती जातंय ते दिसतच नाही. बोटानं नेमक्या भोकावर दाबून धरायचं, हात वर करायचा, सोडून बघायचं नाही आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगायचं.

आणि हा फुगवटा येतो कशानं? नियम तीनमुळं! "रोज एकाच जागी सुई घ्या, कातडी बधिर होते, दुखत नाही." दुखत नाही हे खरं आहे, मी पण वर्षभर त्याच दोन जागा दाखवत होतो. पण तिथली भिंत विरून ढिली होते आणि नेमकी तीच जागा फुगते. जागा बदलत जायचं असतं, शिडीच्या पायऱ्या चढल्यासारखं, आज इथं, पुढच्या वेळी थोडं वर. मुद्दाम एकाच भोकातनं सुई घालायची एक पद्धत आहे, बटनहोल म्हणतात, खरं त्यात बोथट सुया लागतात, कोन तोच ठेवावा लागतो, खपली काढून जागा नीट स्वच्छ करावी लागते, आणि तरी इन्फेक्शनची भीती जास्तच असते. ती ठरवून केलेली पद्धत वेगळी आणि आपण "सिस्टर तिथंच घाला" म्हणून हट्ट करणं वेगळं.

चौथा नियम मात्र सरळ फिस्टुला घालवणारा आहे. "थरथर बंद झाली तर घाबरू नका, फिस्टुला शांत झालाय, एरंडाचं पान गरम करून बांधा, दोन दिवसांत चालू होतो." नाही हो. थरथर म्हणजे तीच भुणभुण, ती बंद म्हणजे बहुतेक वेळा आत गुठळी झाली. ती काढून फिस्टुला वाचवता येतो पण वेळ थोडा असतो, एक-दोन दिवसांच्या आत जाल तितकं बरं, आणि मेसेजवाला नेमके तेच दोन दिवस पान बांधून घालवायला सांगतोय. वर सुईच्या भोकांवर पान म्हणजे इन्फेक्शनला आवतण. रात्री कळलं तर रात्री फोन करा. डायलिसिसनंतर बीपी फार पडला, जुलाब-उलट्या झाल्या, अशा वेळी गुठळी व्हायची शक्यता जास्त, तेव्हा दिवसातनं चार वेळा बोट लावून बघा. एरवी सकाळी दात घासताना आणि झोपताना. दोन पाळ्यांच्या मध्ये पाणी जास्त पिऊन वजन वाढवलं की मशीनवर एकदम जास्त पाणी ओढावं लागतं, बीपी पडतो, म्हणजे दिवसाला किती तांबे पाणी प्यायचं तो हिशोब पण हाताशीच जोडलेला आहे.

पाचवा, "रक्त येऊ नये म्हणून पट्टी रात्रभर करकचून". सुई काढल्यावर बोटांनी 10-15 मिनिटं दाबायचं, इतकंच दाबायचं की रक्त थांबेल पण भुणभुण लागत राहील. पट्टीवरनं थ्रिल लागत नसेल तर ती जास्त घट्ट आहे. घरी गेल्यावर सेंटरनं सांगितलेल्या वेळी, साधारण चार-सहा तासांत, काढून टाकायची. दर वेळी अर्धा अर्धा तास रक्त थांबत नसेल तर पट्टी आवळू नका, डॉक्टरला सांगा, हेपरिन (मशीनवर रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) जास्त होत असेल नाहीतर पुढं शीर अरुंद झाली असेल.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच आणि ती आपल्या भागात फार लागते. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढायचं नाही, सलाईन नाही. दुसऱ्या दवाखान्यात तापासाठी गेलात तरी नाही. नवीन सिस्टरला मराठी येत नसेल तर कन्नडमध्ये "ई कैगे बीपी ब्याड्री" (या हाताला बीपी नको) एवढं पाठ करा, मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आणि सुई घ्यायच्या आधी हात साबणानं धुवून बसायचं, सेंटरला गर्दी असली तरी.

शेवटचा नियम, "एवढी कटकट नको तर गळ्यातली नळीच ठेवा, ती नवीन टेक्नॉलॉजी". ती नळी म्हणजे मानेतनं मोठ्या शिरेत घातलेला डायलिसिसचा कॅथेटर, आणि उलटं आहे हे. 1960 मध्ये स्क्रिबनर शंट आला तो हाताबाहेर लोंबणारी नळीच होता, त्यात गुठळ्या आणि इन्फेक्शन, म्हणून तर अमेरिकेत ब्रेशिया आणि सिमिनो यांनी आतल्या आत जोडायचा फिस्टुला केला आणि 1966 मध्ये त्याचा पेपर छापून आला. नळी लागते, फिस्टुला तयार होईपर्यंत लागते, कुणाच्या शिराच बारीक असतील तर जास्त दिवस लागते, त्यात कमीपणा काही नाही. पण चालता फिस्टुला सोडून नळी घ्यायची म्हणजे रक्तात जंतू जायला थेट वाट, आंघोळीचे वांधे, आणि छातीतली मोठी शीर अरुंद झाली तर त्या बाजूच्या हाताला पुढं फिस्टुला करणंच अवघड.

बोटं गार पडणं, निळी-पांढरी होणं, मशीनवर असताना पंजा दुखणं, हे पण सांगायचं असतं, थंडी आहे म्हणून सोडू नका, हाताचं रक्त फिस्टुला पळवत असेल.

हे सगळं ग्रुपवर टाकलंय. मावशीनं अंगठा दाखवलाय, वाचलं का नाही काय की. शेजारच्या अण्णांनी मात्र काल हात वर करून दाखवला, त्यांची शीर बसत नाहीये, सोमवारी डॉपलर आहे.