अलिबागला जाताना पंचांग घरीच ठेवा

अलिबागला शनिवारीच जावं आणि सकाळी नऊच्या आधी घरातून निघू नये. सहाला निघणारी माणसं वेळेत पोहोचून मिसळ खातात आणि मग त्यांच्यापाशी अख्खा दिवस उरतो. नऊला निघालात की पनवेल, पेण, वडखळ या गावांशी सविस्तर ओळख होते. वडखळहून अलिबागकडे वळल्यावर पुढची रांग हलेना झाली की उजवीकडून गाडी काढावी आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या तोंडावर नेऊन उभी करावी. दोन्ही बाजू एकदम बंद होतात आणि सगळ्यांनाच खाली उतरून पाय मोकळे करता येतात.

एकच पथ्य पाळा. धरमतरच्या खाडीपुलावर थांबावं लागलं तर खाली बघू नका. खाडीचं पाणी आत चढतंय की बाहेर उतरतंय हे तिथून साध्या डोळ्यांना दिसतं. एकदा दिसलं की पुढची सगळी सहल हिशेबाने करावीशी वाटते, आणि हिशेब करायचा असता तर शनिवारी ऑफिसातच बसला असतात.

गेटवेहून मांडव्याला बोटीने तासाभरात जाता येतं आणि मांडव्याहून अलिबागची बस बहुधा त्याच तिकिटात असते, ही माहिती कुणी दिली तर दुर्लक्ष करा. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. तेव्हा मात्र गेटवेवर बॅगा घेऊन जरूर जा आणि बंदबद्दल तिथल्या पोलिसाशी वाद घाला. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोटही सुटते, तिच्यात गाडीसकट चढता येतं. गाडी सोबत हवीच. ती वाळूत घालायची आहे, पण ते नंतर.

आधी कुलाबा किल्ला. शहराच्या किनाऱ्यासमोर, पाण्यातल्या खडकावर. ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला येत नाही. एवढी सोपी गोष्ट असल्यामुळेच कुणी ती मनावर घेत नाही. किनारपट्टीवरच्या म्हाताऱ्या माणसांकडे यासाठी एक सूत्र आहे: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, साडेनऊ-दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. साडेआठला वाळूत पाय घालायचा, किल्ला बघायचा आणि अकराच्या आत किनाऱ्याला लागायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जीव वाचवायला एवढं गणित पुरतं. म्हणून ते विसरा. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी फक्त संकष्टीसाठी छापलेली असते, असं मनाशी पक्कं धरा.

आणि सूत्र वापरायचंच असेल तर अर्धवट वापरा. अष्टमी घ्या. आठाची पाऊणपट सहा. भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. नऊला निघून उशिरा पोहोचणाऱ्यासाठी जणू खास नेमून दिलेली वेळ. यातली मेख कुणाला सांगू नका: अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही, आणि मधल्या खोलगट पट्ट्यात ते साचून राहतं. घोडागाडीवाला सांगेल की गाडीत बसा. त्याला हसून जीन्स दुमडायची आणि चालायला लागायचं. मोबाइल मागच्या खिशात असू द्या. पौर्णिमा-अमावास्येला उलट: उधाण असल्यामुळे पाणी लांबवर ओसरतं, पण भर दुपारी बाराच्या आसपास भरती असते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. तेव्हा त्या दिवशी बारालाच किनाऱ्यावर जाऊन ‘किल्ल्यात जायचा रस्ता कुठे आहे?’ असं विचारावं.

खरी मजा परतताना. भरतीचे तास साधारण सहा, पण पाणी सहा सारख्या पावलांनी चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा चढतं, दुसऱ्यात दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मी भरती उरकते. उधाणाला एकूण चढउतार चार मीटरच्याही वर जातो. म्हणजे पहिल्या तासात ‘अजून घोट्याएवढंच आहे’ म्हणून तुम्ही आणखी एक रील करायला थांबता, ते बरोबरच. शिवाय पाणी समोरून लाटेच्या रूपात येत नाही. ते आधी खोलगट भाग भरतं. तुम्ही किल्ल्याच्या दारातल्या कोरड्या दगडावर उभे असता आणि मधल्या वाटेवर कमरेएवढं पाणी झालेलं असतं. वाट मिटल्यावर पुन्हा चालण्याजोगी व्हायला आठेक तास लागतात. तेवढ्या वेळासाठी जवळ पाण्याची बाटली नसावी.

आता आठ तास आहेतच तर किल्ला बघून घ्यावा, पण चुकीचा. १६८० च्या मार्चमध्ये शिवाजी महाराजांनी याचं काम सुरू करवलं, पुढे संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय, नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं, त्यामुळे तटावर बसणारा तडाखा कमी होतो. ही फट दिसली की तिच्यात वेफर्सचं पाकीट कोंबायचं, त्यासाठीच ती ठेवली आहे. आत १७५९ चं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. ते गणेश पंचायतन आहे, पण चपला कुठे काढायच्या यावरच चर्चा करा. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. मुलाला तोफेवर बसवून सांगा की याच तोफेने कान्होजी आंग्र्यांनी इंग्रजांना पळवून लावलं. तोफेवर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव आणि १८४९ हे साल कोरलेलं आहे, कान्होजी वारले १७२९ साली, आणि तोफ ओतली गेली तोवर आंग्र्यांचं संस्थान कंपनी सरकारने खालसाही केलं होतं. मुलगा अक्षरं वाचायला लागला तर त्याला घाईने उतरवा. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही हा किल्ला त्यांना घेता आला नाही, हे मात्र खरं. तेव्हा तुमची जीन्स भिजली यात कमीपणा नाही.

आता गाडी. समुद्रकिनाऱ्यावर वाहन न्यायला बंदी असते आणि तसे फलकही लावलेले असतात. फलकाच्या डावीकडून आत जावं. त्यासाठी अलिबागच्या मुख्य किनाऱ्यापेक्षा नागाव, आक्षी किंवा वरसोली बरं. गाडी जितकी जड तितकी उत्तम. फोर व्हील ड्राइव्हचं बटण नसलं तरी मागच्या काचेवर डोंगराचं स्टिकर असेल तर चालतं.

सुरुवातीला वरची कोरडी भुसभुशीत वाळू लागते. इथेच गाडी रुतू शकते, पण बहुतेक जण जोरात रेटून पार होतात आणि ओल्या, घट्ट दिसणाऱ्या पट्ट्यावर पोहोचतात. तिथे थांबा. चालत्या गाडीला ही वाळू बऱ्यापैकी तोलून धरते. उभ्या गाडीच्या चाकांखाली मात्र पाणी जमा होतं, कण सैल होतात आणि टायर हळूहळू खाली बसतो. दरवाजे उघडे टाकून, गाणी लावून, अर्धा तास फोटो काढले की पुरे. निघताना चाक जागच्या जागी फिरेल. मग अॅक्सिलरेटर दाबून धरा. फिरतं चाक वाळू मागे फेकतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं; तीन-चार दमात गाडीचं पोट वाळूला टेकतं, आणि चारही चाकांवरचा भार गेला की मग कितीही ताकदीचं इंजिन असो, ते फक्त आवाज करतं. टायरची हवा बत्तिसावरून पंधरा-सोळावर आणली असती, चाकांपुढची वाळू हाताने काढून खाली पायपुसण्या किंवा फळ्या सरकवल्या असत्या आणि अगदी हळू क्लच सोडला असता, तर गाडी बहुधा निघाली असती. म्हणून यातलं काही करायचं नाही. सगळ्या पुरुषांनी मागून ढकलायचं आणि एकाने मोबाइलवर चित्रण करायचं.

तोवर भरती लागलेली असते. बारावा हिस्सा, मग दुप्पट, पुढचं वर सांगितलंच आहे. पाणी बॉनेटपर्यंत आलं की चावी फिरवून इंजिन चालू करून बघा. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च एकदम भारदस्त होतो. साध्या विमा पॉलिसीत इंजिनात पाणी जाऊन झालेलं असं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं; हे तुम्हाला सोमवारी कळेल. ट्रॅक्टर येईल. ट्रॅक्टरवाला पाण्याकडे बघेल, गाडीकडे बघेल आणि आकडा सांगेल. घासाघीस करा, दर मिनिटाला पाणी चढतं आणि आकडाही. ‘अलिबाग से आया है क्या’ हा मुंबईत विचारला जाणारा प्रश्न उलटा फिरवायची त्याला नामी संधी असते, पण तो दोरखंड बांधण्यात गुंतलेला असतो.

पोहण्याबद्दल थोडक्यात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत दिसतो, तोच निवडा. तिथे लाटा फुटत नाहीत कारण किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेने आत परत ओढलं जात असतं. जेवणानंतर आणि दोन बिअरनंतर ही शांतता अधिक आवडते. ओढ लागली की सरळ किनाऱ्याच्या दिशेने, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, दमेपर्यंत हात मारा. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून पट्ट्याबाहेर पडता येतं, असं शिट्टी वाजवून सांगणारा जीवरक्षक तुमचा उत्साह मारायलाच नेमलेला असतो.

जेवणात जून-जुलैमध्ये ताजं पापलेट मागा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, म्हणजे ताटातलं पापलेट बर्फातून आलेलं असणार. तरी ‘आजचंच ना?’ असं दोनदा विचारा, दोन्ही वेळा ‘हो’ ऐकायला मिळेल. याच दिवसांत बाजारात अंड्यांनी भरलेली चिवणी येते, खाडीचा मासा येतो, सुकट-बोंबील तर असतातच. त्यांच्याकडे बघून नाक मुरडा.

आणि पोपटी. ही मे महिन्यात मागायची. पोपटी होते वालाच्या शेंगांवर, भाताचं पीक निघाल्यावर शेतातल्या उरलेल्या ओलीवर येणाऱ्या. म्हणजे थंडीत, जानेवारीच्या अलीकडे-पलीकडे. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालतात, वर शेंगांचा थर, जाडं मीठ, ओवा. मध्ये मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, बटाटे. पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला असा ठासून की मडकं उलटं केलं तरी काही हलू नये. कारण ते उलटंच ठेवायचं असतं. पाण्याचा थेंब नाही. शेंगांचा स्वतःचा ओलावा आणि पाल्याची वाफ, एवढ्यावर सगळं शिजतं. भोवती पेंढा, काटक्या, सुका पालापाचोळा पेटवून अर्धा-पाऊण तास सगळीकडून सारखी आंच द्यायची; मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होऊन लगेच उडालं म्हणजे झाली. शेंगा सैल भरल्या तर बाहेरच्या करपतात आणि मधल्या कच्च्या राहतात. पाला कमी पडला तर वास येत नाही, आणि वासाशिवाय पोपटी म्हणजे उकडलेल्या शेंगा. हे सगळं टाळण्याची सोय मे महिन्यात होते: मडकं गॅसवर सुलटं, आत वाटाण्याच्या शेंगा, ढोबळी मिरची, पनीर आणि सवा पेला पाणी. पाल्याऐवजी कोथिंबीर. वर ‘पारंपरिक’ अशी पाटी. खा आणि गावाला नावं ठेवा.

पांढरा कांदा मात्र पावसाळ्यात घ्या. कार्ले, खंडाळे, नेहुली या भागातला कांदा भातानंतर लावतात आणि तो उन्हाळ्याच्या तोंडाशी, वेणीसारख्या माळा गुंफून रस्त्याकडेला येतो. त्याला भौगोलिक मानांकन आहे. तो चवीला गोडसर असतो आणि चिरताना डोळ्यांना फारसा त्रास देत नाही. ऑगस्टमध्ये कुणी ‘आत्ताच शेतातून काढला’ म्हणून दिला आणि चिरताना डोळ्यांतून धारा लागल्या, तर ते अश्रू भाव आठवूनही असू शकतात.

काही गोष्टी बघायच्या नाहीत. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून आहे. मुंबईत ट्राम विजेवर धावणार, त्याने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया विचलित होणार, म्हणून काम इथे हलवलं, कारण इथे शांतता होती. तिच्यासमोरच्या वाळूवर आता चार चाकांच्या बाइक फिरतात. तुम्ही त्याच घ्या. आक्षीत रस्त्यालगत शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, मराठीतला सर्वांत जुना मानला जाणारा शिलालेख आहे. नागावच्या केळीबोटीला उशीर होत असल्यामुळे तिथे ब्रेक मारू नये. बोटीवर ‘मराठी माणसाला इतिहासाची किंमत नाही’ हा विषय काढता येतो.

रविवारी चारला निघा, सगळे निघतात तेव्हाच. शेवटच्या बोटीची वेळ मांडव्याला पोहोचल्यावर विचारा. रस्त्याने गेलात तर पोयनाडच्या अलीकडे रांग थांबेल. तिथे मोबाइल काढून कुलाबा किल्ल्याला एक तारा द्या आणि लिहा: ‘किल्ला बरा आहे, पण जायच्या वाटेवर पाणी होते. संबंधितांनी लक्ष द्यावे.’