मुलाखतीचा दांडगा अनुभव

शिक्षा भोगून बाहेर आलात? अभिनंदन. आता नोकरी शोधायची म्हणता. शोधा की. घरच्यांनाही तेवढाच विरंगुळा.

सुरुवात बायोडेटापासून करू. नाव, पत्ता, जन्मतारीख इथवर तुमच्यावर कुणी संशय घेणार नाही. घोडं अडतं ते ‘अनुभव’ या रकान्यापाशी. 2021 ते 2024 काय करत होता? कोरं सोडलंत तर म्हणतील, घरी बसून खाल्लं. भरलंत तर म्हणतील, सरकारचं खाल्लं. आमच्या ओळखीत एक सुतार आहे. बांधावरून भावकीत जुंपली तेव्हा याच्या हातात खोऱ्याचा दांडा होता आणि चुलत्याच्या हातात नुसता सातबारा. लागलं कलम 326, म्हणजे हत्यारानं जबर दुखापत. (तेव्हा दंड संहिता होती. 2024 च्या जुलैपासून न्याय संहिता आली आणि आकडे बदलले. बांध आणि दांडे जुनेच आहेत.) तर या गड्यानं अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, “सरकारी फर्निचर कारखाना, येरवडा, पुणे. राहण्या-जेवणासह.” यात एक अक्षर खोटं नाही. येरवड्याच्या कारागृहात सुतारकाम चालतं आणि सरकारी कचेऱ्यांना तिथून टेबलं-खुर्च्या जातात.

आधीचा पगार विचारला तर आकडा सांगू नका, टक्केवारी सांगा. 2023 मध्ये राज्यातल्या कुशल कैद्याची रोजची मजुरी 67 रुपयांवरून 74 झाली. म्हणजे दहा टक्क्यांच्या वर वाढ. बाहेर एवढी मिळवून दाखवा.

मग मुलाखत. इथे तर घाबरायचं कारणच नाही, कारण तुमच्याइतका मुलाखतींचा अनुभव टाय लावून आलेल्या एकालाही नसतो. जाळीच्या पलीकडे बायको, तिच्या दोन्ही बाजूंना आणखी दहा जणांच्या बायका, सगळे एकदम ओरडतायत, आणि वीस मिनिटांत पोराच्या फीपासून म्हशीच्या दुखण्यापर्यंत सगळं उरकायचंय. “बरा आहेस ना?” हे तीनदा ऐकू येत नाही, चौथ्यांदा ऐकू येतं तेव्हा शिपाई वेळ संपल्याचं सांगतो. बाहेरच्या मुलाखतीत जाळी नसते, एवढाच फरक. शिवाय ती लवकर संपते.

रजेचा विषय निघाला तर जीभ आवरा. “संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) दोन्ही घेतल्या, आणि दोन्ही वेळा ठरल्या दिवशी हजर झालो” हे खरं असलं, आणि साहेबांच्या ऑफिसात असं छातीवर हात ठेवून सांगणारा दुसरा कुणी नसला, तरी सांगायचं नाही.

एवढं पार पडलं की चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो. कधी अटक झाली होती का? गुन्हा दाखल झाला होता का? शिक्षा झाली होती का? असल्यास तपशील द्या. तपशिलाला जागा दीड इंच. तेवढ्यात चुलता बसत नाही, बांध बसत नाही, तीन वर्षं तर नाहीच नाही. फार तर कलम बसतं.

खरं लिहावं की खोटं? याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात दिला आहे. माहिती लपवलीत तर नोकरी जाऊ शकते. तरुणपणी घोषणा दिल्याचा गुन्हा किंवा तसलं काही किरकोळ असेल, तर मालकानं मनात आणलं तर कानाडोळा करू शकतो. आणि सगळं खरं सांगितलंत, तरी तुम्हाला घ्यायलाच हवं अशी सक्ती त्याच्यावर नाही. आमचा सुतार हे आपल्या भाषेत सांगतो: खोटं लिहिलं तर खोटं निघालं म्हणून काढतात, खरं लिहिलं तर खरं निघालं म्हणून घेत नाहीत.

एक गंमत मात्र त्यालाही कळलेली नाही. आत चांगलं वागलं की शिक्षेत माफीचे दिवस मिळतात. ते दिवस मोजतात, वहीत चढवतात, वर सही होते. म्हणजे “हा माणूस अमुक इतके दिवस नीट वागला” याचा सरकारी हिशेब फक्त तुमच्याकडे आहे. मुलाखत घेणाऱ्या साहेबाचा एक दिवस तरी असा मोजलेला आहे का? पण चारित्र्याचा दाखला त्याला मिळतो.

कुठलीच नोकरी नाही तर निदान वॉचमन व्हावं, असं तुमच्या मनात येईल. रात्रभर जागायची सवय आहे, गेट कसं लागतं ते दोन्ही बाजूंनी माहीत आहे. पण खाजगी सुरक्षा एजन्सींचा 2005 चा कायदा वाचा. न्यायालयानं दोषी ठरवलेल्याला तिथे रक्षक म्हणून ठेवता येत नाही. मग जरा मोठं स्वप्न बघा आणि आमदार व्हा. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच अपात्रता येते, तीही सुटल्यावर सहा वर्षांनी संपते. काही ठरावीक गुन्हे सोडले तर दोन वर्षांच्या आतली शिक्षा अडवत नाही. म्हणजे बंगल्याच्या आत राहायचं असेल तर सहा वर्षं दम धरा. बंगल्याच्या गेटवर उभं राहायचं असेल तर ते सोडून द्या. आणि नुसते खटले चालू असतील तर तेवढंही थांबायला नको. 2024 मध्ये निवडून आलेल्या 543 खासदारांपैकी 251 जणांनी आपल्यावर गुन्हे दाखल असल्याचं शपथपत्रात स्वतःच लिहिलं होतं. त्यांच्या फॉर्मवर जागा दीड इंचाहून बरीच जास्त असते.

नोकरीचा नाद सोडून धंदा करतो म्हणाल, तर उशीर झाला. भांडवल आत असतानाच उचलायचं होतं. 2022 मध्ये राज्य सहकारी बँकेनं येरवड्याच्या कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना काढली. 50 हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, जामीनदार नको. बाहेर बँकेत जा, दोन जामीनदार आणा म्हणतील. आणि तुमच्यासाठी जामीन राहायला सांगितल्यावर कोण कुठल्या दिशेनं पळतो, हे तुम्ही एकदा पाहिलेलंच आहे.

इंग्रजांनी 1860 मध्ये आपल्याला दंड संहिता करून दिली. शिक्षेनंतर काही वर्षं सरळ वागलेल्याचा जुना गुन्हा बहुतेक नोकऱ्यांसाठी विचारात घ्यायचा नाही, असा कायदा त्यांनी 1974 मध्ये स्वतःच्या घरी केला. तोवर आपण त्यांना घालवून बसलो होतो. जरा घाईच झाली.

असो. शेवटची सूचना, ती कचेरीत बसण्याबद्दल. दाखल्यासाठी आत बोलावतील तेव्हा नजर खाली ठेवा, पण फार खाली नको. साहेबांच्या खुर्चीकडे बघू नका. सागवानी रंग मारलेली, वेताच्या पाठीची, उजव्या हाताखालचा सांधा किंचित मोकळा. साहेब फाईल वाचता वाचता मागे रेलतात, खुर्ची कुरकुरते, आणि ते वैतागून म्हणतात, “सरकारी माल. कोण बनवतं कोण जाणे.”

अशा वेळी गप्प राहायचं. त्या आठवड्यात सरस संपला होता, वरून माल आलाच नव्हता, म्हणून तो सांधा नुसत्या खिळ्यावर धरला होता, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. नाही बोललो. दोन दिवसांनी या म्हणाले.