टेबलावर मांडलेली पाकिटं

तो फोटो तुम्हीही पाहिलेला असेल. लांबलचक टेबल, त्यावर नीट रचलेली पाकिटं, कडेला नोटांची बंडलं, एखादं पिस्तूल, आणि मागे रांगेत उभे असलेले अधिकारी. खाली आकडा: इतके किलो, इतक्या कोटींचा माल जप्त. देश कुठलाही असो, फोटो तोच असतो. गेली बारा-तेरा वर्षं हा फोटो समोर आला की मी बातमी शेवटपर्यंत वाचतो. या जप्तीमुळे त्या शहरात मरणारी माणसं कमी झाली का, एवढंच मला हवं असतं. ते कधीच लिहिलेलं नसतं.

आधीच सांगतो, मला नशेचं कौतुक नाही. ज्या घरात ती शिरते त्या घराचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. आई पैशाची पर्स उशाखाली घेऊन झोपते, बाप पोराच्या मित्रांचे फोन चोरून ऐकतो, आणि घरातलं प्रत्येक जण दुसऱ्याशी खोटं बोलायला शिकतं. ही पोस्ट त्या घरांच्या बाजूने आहे. म्हणूनच आपण ज्याला 'कडक धोरण' म्हणतो त्याचा हिशेब मांडायचाय.

सुरुवात त्या पाकिटांपासूनच. या धंद्यात शेतकऱ्याच्या हाती पडणारा पैसा रस्त्यावरच्या किमतीच्या तुलनेत चिमूटभर असतो. मधली सगळी वाढ जोखमीची असते: सीमा ओलांडण्याची, लाच देण्याची, पकडलं जाण्याची, मारलं जाण्याची. जप्त झालेला माल व्यापाऱ्याला पडतो त्याच्या खरेदीच्या भावात, बातमीत मात्र तो मोजला जातो रस्त्यावरच्या भावात. त्यामुळे कोटींचा आकडा वाचून आपल्याला वाटतं त्यांचं कंबरडं मोडलं. त्यांच्या वहीत ती नुकसानीची एक ओळ असते, आणि पुढची खेप आधीच निघालेली असते.

पण खरं नुकसान वेगळंच आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बंदी मालाचं रूप बदलते.

लपवून न्यायचं तर वस्तू लहान हवी आणि जोरदार हवी. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात चोरट्या बाजारात बिअर मागे पडली आणि कडक दारू पुढे आली, कारण बिअरने भरलेल्या ट्रकपेक्षा व्हिस्कीच्या चार पेट्या लपवणं सोपं. लोकांनी पिऊ नये म्हणून कारखान्यातल्या अल्कोहोलमध्ये सरकारी नियमानुसार मिथेनॉलसारखी विषं मिसळली जात होती. ते अल्कोहोल चोरून बाजारात आलं, लोक ते प्यायले, आंधळे झाले, मेले. सरकारला हे माहीत होतं, तरी १९२७च्या सुमारास विषाचं प्रमाण वाढवण्यात आलं. नियम मोडणाऱ्याला मरण आलं तर येऊ दे, हा विचार तेव्हापासून या धोरणाच्या पोटात बसलेला आहे असं मला वाटतं.

अफूचंही तेच झालं. अफूचा गोळा मोठा, वास येणारा. त्यापेक्षा हेरॉइन आटोपशीर. (हेरॉइन हे एकेकाळी खोकल्याचं औषध होतं, १८९८ साली बायर कंपनीने ते बाजारात आणलं.) आणि हेरॉइनपेक्षा फेंटानिल आटोपशीर. मूळचं शस्त्रक्रियेच्या वेळी देण्याचं औषध, हेरॉइनच्या सुमारे ५० पट जोराचं. शेत नको, पाऊस नको, मजूर नकोत. एक खोली, रसायनं आणि एक माणूस पुरतो. सवय नसलेल्याचा जीव जायला २ मिलिग्रॅम पुरू शकतात, म्हणजे मिठाचे काही कण. रस्त्यावर घेणाऱ्याला कळायला मार्गच नसतो की पुडीत काय आहे आणि किती. अमेरिकेत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत ओव्हरडोसने दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं गेली. २०२४ मध्ये आकडा ८०,००० च्या आसपास उतरला आणि त्यालाच दिलासा म्हणायची वेळ आली.

सुरुवातीला हे फेंटानिल मुख्यतः चीनमधून येत होतं. चीनने २०१९ च्या मे महिन्यात फेंटानिलसारख्या सगळ्या रसायनांवर सरसकट बंदी घातली. चांगलंच केलं. तयार माल थांबला, पण त्याऐवजी तो बनवायला लागणारी रसायनं मेक्सिकोला जाऊ लागली आणि फेंटानिल तिथे बनू लागलं. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो.

अफगाणिस्तानची गोष्ट तर पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहे. तालिबानने २००० साली अफूच्या लागवडीवर बंदी घातली आणि ती खरोखर अमलात आणली. पुढे युरोपात हेरॉइनचा तुटवडा पडला. एस्टोनिया नावाच्या चिमुकल्या देशात ती जागा फेंटानिलने घेतली, आणि पुढची कितीतरी वर्षं ओव्हरडोसच्या मृत्युदरात तो देश युरोपात अगदी वरच्या क्रमांकावर राहिला. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने पुन्हा बंदी आणली. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे २०२३ मध्ये लागवड ९५ टक्क्यांनी घटली, २,३३,००० हेक्टरवरून ११,००० च्याही खाली. लागवड संपवण्यात याहून मोठं यश मिळू शकेल का? शेतकऱ्यांचं अफूचं उत्पन्न एका वर्षात एक अब्ज डॉलरहून जास्तीने बुडालं, आणि त्याच वर्षी म्यानमार जगातला सर्वांत मोठा अफू उत्पादक झाला. आता युरोपात नायटाझीन नावाची कृत्रिम रसायनं सापडू लागली आहेत, त्यातली काही फेंटानिलहूनही भारी.

आणि हिंसा. लोक म्हणतात ड्रग्जमुळे गुन्हे होतात. काही होतात, तलप भागवायला माणूस चोरी करतो, हे खरं. पण गँगवॉरमधली प्रेतं तलपेने पडत नाहीत. कापडाच्या व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर दुसरा कोर्टात जातो. या धंद्यात कोर्ट नाही, करारनामा नाही, विमा नाही. तिथे वसुली बंदुकीनेच होते. मेक्सिकोचे अध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी डिसेंबर २००६ मध्ये लष्कर रस्त्यावर उतरवलं. टोळ्यांचे म्होरके एकामागून एक टिपले, प्रत्येक वेळी फोटो आला. म्होरक्या पडला की त्याच्या जागेसाठी चार जण उठायचे आणि एका टोळीच्या चार व्हायच्या. २००७ मध्ये देशात सुमारे ९,००० खून झाले होते, २०११ मध्ये सुमारे २७,०००. आज तिथल्या सरकारी नोंदीत एक लाखाहून जास्त माणसं बेपत्ता आहेत. त्यांच्या आया फावडी घेऊन माळरानं खणतात.

फिलिपिन्सने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. २०१६ नंतर पोलिसी कारवायांतच, सरकारच्या स्वतःच्या आकड्यांनुसार, ६,००० हून अधिक माणसं मारली गेली, बहुतेक गरीब वस्त्यांतली. ही मोहीम चालवणारे तेव्हाचे अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे नेण्यात आलं. ज्यांना दारात गोळ्या घातल्या त्यांची सुनावणी कधीच झाली नाही.

आता ते बारा-तेरा वर्षांपूर्वीचं. माझ्या जिवलग मित्राचा धाकटा भाऊ, वय तेवीस. सहा महिने आत राहून सुटला होता, स्वतःजवळ सापडलेल्या एका पुडीसाठी. घरी आला तेव्हा अंगाने भरला होता, नीट जेवत होता, आम्हाला वाटलं सुटला यातून. अकराव्या दिवशी तीन मित्रांबरोबर बसला आणि पूर्वी घ्यायचा तेवढाच डोस घेतला. शरीराची सवय सहा महिन्यांत मोडलेली असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे, हे डॉक्टरांना माहीत होतं, तुरुंगाला माहीत असायला हवं होतं. त्याला सोडताना हातात दिला तो त्याच्या वस्तूंच्या यादीचा कागद.

तो घोरायला लागला. मित्रांना वाटलं झोपलाय. मग ओठ निळे पडले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या, खोलीभर चालवायचा प्रयत्न केला. मदतीचा फोन कुणी केला नाही. रुग्णवाहिका आली की पोलीस येतील, पोलीस आले की आपण आत जाऊ, एवढंच तिघांच्या डोक्यात होतं. पाऊण तासाने एकाने माझ्या मित्राला फोन केला. आम्ही पोचलो तोवर उशीर झाला होता.

नॅलोक्सोन नावाचं औषध आहे. नाकात फवारा मारला किंवा इंजेक्शन दिलं की अफू-हेरॉइनच्या ओव्हरडोसने थांबत आलेला श्वास काही मिनिटांत परत येऊ शकतो. नशा देत नाही, त्याची सवय लागत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये कायदा केला की ओव्हरडोस झालेल्यासाठी जो मदत मागेल, त्याच्यावर स्वतःजवळच्या नशेबद्दल खटला भरायचा नाही. नंतर बहुतेक राज्यांनी तसे कायदे केले. दोन साध्या गोष्टी, एक फवारा आणि एक अभय. त्या खोलीत दोन्ही नव्हत्या.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, गर्दुल्ला. तो उच्चारला की समोरच्याचं नाव, वय, घर, सगळं पुसलं जातं. मित्राच्या भावाच्या अंत्यविधीला आलेल्यांपैकी दोघांनी हा शब्द वापरला. माझा मित्र तिथेच उभा होता.

मग करायचं काय? मी स्वित्झर्लंडबद्दल बरंच वाचलं. झुरिकच्या रेल्वे स्टेशनामागे एक बाग होती, प्लाट्झस्पिट्झ. ऐंशीच्या दशकाअखेर तिथे शेकडो माणसं उघड्यावर सुया टोचून घेत असत. फेब्रुवारी १९९२ मध्ये पोलिसांनी ती बंद केली, तर सगळा जमाव थोड्या अंतरावरच्या एका बंद स्टेशनात गेला. तेव्हा तिथल्या लोकांनी वेगळा विचार केला. १९९४ पासून ज्यांच्यावर बाकी सगळे उपचार हरले होते, अशा जुन्या व्यसनी माणसांना दवाखान्यात, नर्सच्या देखरेखीखाली, शुद्ध हेरॉइन मोजून द्यायला सुरुवात केली. दिवसातून दोन-तीनदा यायचं, तिथेच घ्यायचं, घरी न्यायचं नाही. ऐकायला भयंकर वाटतं, मलाही वाटलं होतं. पण पुडीसाठी पैसा लागेना, तेव्हा त्यांच्या चोऱ्या झपाट्याने कमी झाल्या. काहींनी नोकरी धरली, काही हळूहळू सुटले. जे सुटले नाहीत ते निदान जिवंत राहिले. आणि २००८ मध्ये सार्वमत झालं तेव्हा दोन तृतीयांशांहून जास्त मतदारांनी ही पद्धत कायम ठेवली. ते मतदार काही बंडखोर नव्हते. त्यांनी ती बाग पाहिली होती.

पोर्तुगालचं नाव सगळेच घेतात, म्हणून थोडक्यात. १ जुलै २००१ पासून दहा दिवसांपुरती नशा जवळ सापडली तर तो फौजदारी गुन्हा राहिला नाही. माणूस एका छोट्या समितीपुढे जातो, तिथे कायद्याबरोबरच आरोग्य आणि समाजकार्य जाणणारी माणसं असतात. विक्री आजही गुन्हाच आहे. सुयांमधून एचआयव्ही झालेले नवे रुग्ण वर्षाला हजाराच्या घरात होते, ते दहा-बारा वर्षांत शंभराच्या आत आले. पण हे फक्त कायद्याने झालं नाही. उपचारांवर पैसा खर्च झाला, माणसं नेमली गेली. आर्थिक संकटानंतर तो पैसा आटला तेव्हा तिथेही रस्त्यावर सुया पुन्हा दिसू लागल्या.

आणि अमेरिकेतल्या ऑरेगनचं अपयश मी लपवणार नाही. त्या राज्यात २०२० मध्ये मतदान झालं आणि फेब्रुवारी २०२१ पासून थोडी नशा बाळगणं हा गुन्हा उरला नाही. शंभर डॉलर दंड, किंवा एका हेल्पलाइनला फोन केला की दंड माफ. फोन करणारे मोजकेच निघाले. उपचारांचा पैसा वेळेवर पोचला नाही, त्याच सुमारास फेंटानिल तिथे येऊन थडकलं, आणि लोक आपल्या दुकानांच्या पायऱ्यांवर बेशुद्ध माणसं पाहून थकले. सप्टेंबर २०२४ पासून तो पुन्हा गुन्हा झाला. मला त्या लोकांचा राग येत नाही. छडी बाजूला ठेवली, पण हात धरायला कुणी उभंच नव्हतं.

सगळं खुलं करून कंपन्यांच्या हाती द्या, हेही मला पटत नाही. अमेरिकेतली आताची आपत्ती सुरू झाली तीच नव्वदच्या दशकात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, कायदेशीर वेदनाशामक गोळ्यांनी, जाहिरातींच्या जोरावर. नफ्यासाठी तलप वाढवणारा सूटबूटवाला मला टोळीवाल्याइतकाच नको आहे. मोठ्या विक्रेत्यांना पकडा, जरूर पकडा. पण ज्याच्या खिशात एक पुडी आहे त्याला पकडून कोठडीत टाकताना तो कुठल्या दिवशी बाहेर येणार आणि त्या दिवशी त्याला घ्यायला कोण येणार, हे ठरवल्याशिवाय टाकू नका. व्यसनमुक्ती केंद्रात एका खाटेसाठी किती आठवडे थांबावं लागतं, हा आकडा दर महिन्याला त्या टेबलावरच्या पाकिटांशेजारी ठेवा. त्या महिन्यात ओव्हरडोसने किती गेले आणि किती परत आणले, तोही ठेवा.

त्या तिघांपैकी एक मागच्या वर्षी माझ्या मित्राच्या घरी आला होता. आता सुटलाय, लग्न झालंय, मुलगी आहे. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, दादा, त्या रात्री फोन माझ्या हातातच होता, नंबर लावला होता, आणि मी तो कट केला. मित्राच्या आईने आतून हे ऐकलं. बाहेर आली, त्याच्या मुलीला मांडीवर घेतलं आणि तिचं नाव विचारलं.