गमबूट चिकटवण्याआधी तो कशाचा आहे ते बघा

मृग लागला की आमच्या सिंधुदुर्गात पडवीतल्या खुंटीवरचे गमबूट खाली उतरतात आणि घरोघरी तेच कळतं: बूट पाणी घेतोय. मग सुरू होतात उपाय. कोण ती झटपट चिकटणारी पाच रुपयांची ट्यूब लावतो, कोण नळाला लावायची पुटी थापतो, कोण वरून चिकटपट्टी गुंडाळतो. चार दिवसांत सगळं सुटून येतं, आणि मग निष्कर्ष काय, तर "गमबूट काय दुरुस्त होत नाही."

होतो. पण आपण आधी बघायचं तेच बघत नाही. दुकानदार ज्याला सरसकट रबरी बूट म्हणतो, तो बहुतेक वेळा रबराचा नसतोच, पीव्हीसीचा असतो. शेजारी दोडामार्गात रबराच्या बागा उभ्या आहेत आणि आपल्या पायात प्लास्टिक, ही गंमत वेगळीच. या दोन्ही मालांचा स्वभाव वेगळा, भेग पडायचं कारण वेगळं, त्यामुळे औषधही वेगळं.

ओळखायचं कसं? सुई चिमट्यात धरून तापवा आणि बुटाच्या वरच्या कडेला आतून टोचा. लोण्यात शिरावी तशी आत गेली तर पीव्हीसी. अडली आणि टायर जळाल्याचा वास आला तर रबर. हे बाहेर अंगणात करा, कारण पीव्हीसीचा धूर घशाला झोंबतो आणि तो चांगला नाही.

खरा रबरी बूट असेल तर निम्मं काम सोपं. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि तयार पॅच त्याला उत्तम धरतात. खरी मेहनत आहे ती आधीच्या तयारीत, आणि तिथेच लोक घाई करतात. गळती कुठे आहे ते आधी शोधा. बूट बाहेरून कोरडा पुसून आत पाणी भरा, थेंब कुठे फुटतो तिथे खूण करा. अंधारात आत बॅटरी धरली तरी मोठी चीर दिसते. मग धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण आतलं कापडी अस्तर ओलं राहिलं तर ओल भेगेतून वर येते आणि पॅच धरत नाही. मग पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, भेगेच्या चारी बाजूंना बोटभर. सोल्युशन बुटाला लावा, पॅच साधा असेल तर त्यालाही लावा, आणि थांबा. हे थांबणं कुणाला जमत नाही. ओलं असताना चिकटवलं की गेलं. बोटाला लागेनासं झालं की पॅच दाबायचा, आतून बाटली धरून वरून हातोडीने हलके ठोकायचं, आणि रात्रभर हात लावायचा नाही. पॅचचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचलतो.

पीव्हीसीला हेच केलंत तर फसाल. त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि चिकटलेलं सोडवतं. तेच द्रव्य उडत गेलं की बूट कडक होऊन तडकतो. त्याला मऊ पीव्हीसीसाठीचंच सोल्युशन लागतं, हवा भरायच्या खेळण्यांना किंवा ताडपत्रीला लावतात तसलं. पाइपाचं सोल्युशन नको, ते वाळून दगड होतं आणि बूट वाकला की तडकतं. ठिगळ त्याच मालाचं हवं, म्हणून फुटक्या बुटाची वरची नळी कापून जपून ठेवा.

आता माझं मत. भेग तळव्यापाशी किंवा नळीवर असेल तर दुरुस्ती जरूर करा. घोट्यापुढच्या घडीवर असेल तर पैसे आणि वेळ घालवू नका. प्रत्येक पावलाला ती घडी उघडते-मिटते, तिथे कुठलंच ठिगळ पावसाळाभर टिकत नाही. असा बूट कोरड्यात गवत कापायला, काजूच्या बागेत फिरायला वापरा. फुरशापासून पाय वाचवायला तो अजूनही कामाचा आहे, पाण्यात मात्र नको.

हे मी हौस म्हणून सांगत नाही. लेप्टो म्हणजे पावसाळ्यात येणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप. त्याचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून चिखल-पाण्यात येतात आणि पायावरच्या चिरेतून, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून आत शिरतात. गळका बूट नेमकं तेच घडवतो. घाण पाणी आत घेतो, बाहेर सोडत नाही, आणि पाय दिवसभर त्यात मुरतो. उघड्या पायाचा माणूस निदान बांधावर येऊन पाय धुतो. बूट घातलेला संध्याकाळपर्यंत काढतच नाही. चिखल्या होतात त्या वेगळ्याच.

आणि आपल्याकडची एक रीत मला अजिबात पटत नाही. नवा जोड मालकाच्या पायात, ठिगळाचा गड्याला. गोठ्यात शेणमुतात दिवसभर उभा कोण असतो? ज्याला "चालेल रे तुला" म्हणून आपण तो जोड देतो, तोच. ठिगळाचा बूट द्यायचाच असेल तर आधी पाण्याने भरून, तासभर ठेवून, समोर तपासून द्या. नाहीतर स्वतः घाला.

बायकांचं तर विचारूच नका. लावणी-बेणणीत निम्म्याहून जास्त कामं त्यांची, आणि आमच्या बाजारात त्यांच्या मापाचा गमबूट मागितला तर दुकानदार लहान मुलांचा काढतो. मग नवऱ्याचा सैल बूट. सैल बूट घोट्याशी जास्त दुमडतो, म्हणून तिथेच लवकर फाटतो, आणि वर चिखलात रुततो तो वेगळा. मग "तिला काय, ती अनवाणीच बरी" म्हणायला आपण मोकळे.

एक राहिलं: बूट वाळवायला उन्हात किंवा चुलीपाशी ठेवू नका, डिझेल-रॉकेलने पुसू नका, आणि घडी घालून पोत्यात कोंबू नका. दुमडलेलं, ताणलेलं रबर हवेतल्या ओझोनने तिथेच तडकतं. उभे ठेवा, आत कागद भरून. या दिवाळीत कोठी आवराल तेव्हाच बघा, म्हणजे पुढच्या मृगाला दुकानात गर्दीत उभं राहावं लागणार नाही. आणि नवा घ्यायला गेलात तर दुकानदाराला विचारा, बायकांच्या मापाचा ठेवतोस का. चार जणींनी मागितला की ठेवील.