‘लिंका गोळा करणं म्हणजे अभ्यास नव्हे’: एका कमेंटला जरा लांबलेलं उत्तर

सर, नमस्कार. तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा लोकलमध्ये लटकत वाचली तेव्हा राग आला, घरी येऊन चहा घेत परत वाचली तेव्हा निम्मी पटली, म्हणून दोन ओळींत न उरकता इथेच लिहितेय. ज्यांनी ती बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सरांचं म्हणणं असं की सोशल बुकमार्किंगच्या (सापडलेल्या लिंका टॅग, म्हणजे विषयाची लेबलं, लावून सगळ्यांना दिसतील अशा एका जागी साठवायच्या) नावाखाली मी एफवायच्या पोरांना लिंका गोळा करायला शिकवतेय, वाचायला नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकून भागतं तर आणखी एक अकाउंट कशाला, आणि ही टूल्स आज आहेत उद्या नाहीत, सरांची पाकिटांतली कात्रणं मात्र चाळीस वर्षं टिकलीत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते कारण तिथे मी सपशेल हरलेय. माझे एमफिलचे सगळे बुकमार्क डिलिशस नावाच्या लिंका साठवायच्या साइटवर होते. ते २००३ मध्ये सुरू झालं, २००५ मध्ये याहूने विकत घेतलं, २०१० च्या डिसेंबरात याहूची एक आतली स्लाइड बाहेर फुटली आणि त्यात डिलिशस गुंडाळायच्या यादीत दिसलं, मग ते विकलं गेलं, मग परत विकलं गेलं, आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या तशाच दुसऱ्या साइटवाल्याने घेऊन नवीन काही टाकणं बंदच केलं. खास संशोधकांसाठी म्हणून निघालेलं कनोटिया २०१३ मध्ये गेलं, साइटयूलाइक २०१९ मध्ये, आणि पॉकेट २०२५ मध्ये. मॅग्नोलियाचा तर २००९ च्या जानेवारीत डेटाबेसच खराब झाला, बुकमार्क तर गेलेच, साइटही बंद पडली. तेव्हापासून मी दर टर्मच्या शेवटी सगळं एक्सपोर्ट करून फाइल स्वतःकडे ठेवते, महत्त्वाचं पान वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) जतन करायला लावते, आणि वर्गासाठी झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरचा ग्रुप वापरते कारण त्यात सगळं आपल्या कॉम्प्युटरवरही राहतं. तरी पाकिटाइतकं टिकेल याची गॅरंटी नाही, मान्य.

आता ‘गोळा करणं’. हेही खरंय हो. विषय होता १९८२ चा गिरणी संप आणि पहिल्याच आठवड्यात एका पठ्ठ्याने एका बैठकीत ४३ लिंका टाकल्या, त्यात एकच बातमी सहा साइट्सनी उचललेली, आणि दोन लिंका चक्क हॉटेलच्या, का तर ते जुन्या मिलच्या कंपाउंडमध्ये आहे. त्यानंतर नियम केला: लिंकखाली स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं, यात काय आहे आणि आपल्याला हे कशाला हवंय. नाहीतर मार्क नाहीत. पुढच्या आठवड्यात त्याच मुलाच्या पाच लिंका आल्या आणि पाचही वाचलेल्या.

या दोन वाक्यांमुळेच एक गंमत झाली. लालबागच्या एका मुलीने एका लेखाखाली लिहिलं, ‘यात संप दीड वर्ष चालला म्हणतात, पण कालच्या लिंकमध्ये संप कधी मागेच घेतला नाही असं आहे, माझे आजोबा पण तेच म्हणतात, मॅडम खरं काय?’ आता १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, हे तर सगळ्यांनीच लिहून काढलेलं. पण शेवट कुठला धरायचा? लोक थकून एकेक करत कामावर गेले, कित्येकांना परत घेतलंच नाही, काही गिरण्या उघडल्याच नाहीत, आणि संप मागे घेतल्याची घोषणा अशी झालीच नाही. अख्खं लेक्चर त्यात गेलं, सिलॅबस राहिला बाजूला. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर त्या दोन लिंका आल्या असत्या तर मध्ये चाळीस गुड मॉर्निंग आणि एक परीक्षेचं टाइमटेबल पडलं असतं, कोणाच्या डोळ्याला त्या शेजारीशेजारी दिसल्या असत्या? तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं एवढंच उत्तर आहे.

टॅगचा घोळ तर विचारूच नका. गिरणी, गिरण्या, मिल, मील, आणि रोमनमध्ये लिहिणारे वेगळेच. एकदा ‘नोकऱ्या’ टॅग शोधला तर निम्म्याच लिंका आल्या. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की हा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी टाइप होतो, दिसायला एकसारखा, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. (मराठीत शोधायचं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ कमी होतं म्हणून हे.) मग एक दिवस बसून मुलांनी वर्गाचीच टॅगयादी केली आणि खरी भांडणं तिथे झाली. मिलच्या जमिनीवर टॉवर उभे राहिल्याचा लेख ‘संप’मध्ये घालायचा की ‘घरं’मध्ये? दोन्हीत घातला. तुमच्या पाकिटांत ही अडचण येत असणार ना, कात्रण एक आणि पाकिटं दोन? की तुम्ही दुसऱ्या पाकिटात चिठ्ठी टाकायचात?

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती मीच सांगते. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरांकडे फक्त फोन आहे, आणि फोनच्या क्रोममध्ये झोटेरोत लिंक साठवायचं एक्स्टेंशन चालतच नाही. पहिल्या वर्षी मी हे लक्षातच घेतलं नाही, विरारहून येणारी मुलं सायबर कॅफेत पैसे घालवत होती आणि मला टर्म संपताना कळलं. आता ती मुलं एका साध्या शेअर केलेल्या शीटमध्ये लिंक, टॅग आणि ती दोन वाक्यं भरतात, मी नंतर झोटेरोच्या ग्रुपमध्ये चढवते. कंटाळवाणं काम आहे पण चालतं.

बाकी तुम्ही लिहिलंय की ८२-८३ ची तुमची कात्रणं अजून आहेत. डोंबिवलीहून ती पाकिटं घेऊन एखाद्या शनिवारी वर्गावर याल का? अकराचं लेक्चर असतं, स्टेशनवर न्यायला मुलं येतील. आणि पाकिटांवर विषय कसे लिहिलेत ते तसेच राहू द्या, नवीन लेबलं लावू नका.