खुराड्यात शेगडी ठेवू नका

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरात एक निरोप मोबाइलवर फिरू लागतो. यंदा तो मला मावशीनं पाठवला, काळजीपोटीच. त्यात म्हटलंय : थंडीनं कोंबड्या गारठून मरतात, अंडी देणं थांबवतात. म्हणून खुराडं चहूबाजूंनी प्लास्टिकनं घट्ट बंद करा, आत रात्रभर निखाऱ्यांची शेगडी किंवा 200 वॉटचा बल्ब ठेवा, खालचा भुसा रोज बदला.

ग्वाल्हेरातल्याच मुरार भागात घरामागे माझं खुराडं आहे. हा सल्ला कोंबड्यांच्या जिवावर उठणारा आहे, म्हणून लिहिते.

आधी शेगडी. बंद जागेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. दार लावून सिगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपल्याकडे थंडीत वाचायला मिळतातच. पाखरांना तर हा वायू माणसाच्या आधी बाधतो. म्हणूनच कोळशाच्या खाणीत पूर्वी पिंजऱ्यातली कॅनरी सोबत नेत. त्यात खाली कोरडा भुसा, वर फडफडणारे पंख. एक ठिणगी पुरते.

आता ‘घट्ट बंद करा’. पहिल्या हिवाळ्यात मीही हेच केलं होतं. सकाळी ताडपत्री बाजूला केली तर आतून पाणी ठिबकत होतं, वासानं डोळे चुरचुरले, दोन तलंगा (तरुण कोंबड्या) शिंकत होत्या. कोंबडीच्या विष्ठेत बहुतांश पाणीच असतं, शिवाय रात्रभराच्या श्वासाची वाफ. हवा कोंडली की ओल साठते आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्यानं डोळे आणि श्वासनलिका खराब होतात, मग सर्दी-खोकल्याचे आजार शिरतात. जिथे बर्फ पडतो अशा मुलखातही तुरे हिमदंशानं काळे पडायला थंडीबरोबर ही कोंडलेली ओल मोठं कारण असते. कॅनडाच्या क्विबेकमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शँटेक्लेर ही जात मुद्दाम लहान तुऱ्याची घडवली, ती थंडीत तुरा वाचावा म्हणून.

अडवायचा असतो तो अंगावर येणारा वारा. आपल्याकडे हिवाळ्यात तो उत्तर-पश्चिमेकडून येतो, त्या बाजूला गोणपाट लावा. मात्र वळचणीखाली, बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा उंचावर, जाळीची फट रात्रभर उघडी हवी. उबदार दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते.

बल्बचं काय? मोठ्या कोंबडीचं अंग मुळात 41 अंशांच्या आसपास गरम असतं आणि पिसं फुलवून ती ऊब धरून ठेवते. ग्वाल्हेरची 3-4 अंशांची रात्र कोरड्या खुराड्यात ती सहज काढते. बल्बच्या उबेची सवय लागली आणि पहाटे वीज गेली, तर मात्र तिचे हाल होतात. पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश लागतात, मग पिसं येईपर्यंत दर आठवड्याला 3 अंशांनी कमी करायचे. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजतेय, चोच उघडून लांब पळत असतील तर उकडतंय.

अंडी कमी होतात हे खरं, पण त्याचं मुख्य कारण दिवस लहान होणं. भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपला दिवस साडेदहा तासांचा. शिवाय याच सुमारास कित्येकजणी पिसं गाळतात. अंडी हवीच असतील तर पहाटे लहानसा एलईडी पुरे. मी तोही लावत नाही, त्यांना विश्रांती मिळू दे.

भुसा रोज बदलू नका. चार ते सहा इंच जाड कोरडा थर ठेवा, खाली-वर करत राहा, ओला झालेला तेवढाच काढा. बसायला गोल गजाऐवजी दोन इंच रुंद सपाट लाकूड द्या, म्हणजे बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. आणि संध्याकाळी मूठभर मका. तो रात्रभर पचत राहतो, त्यानं आतून ऊब मिळते.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं शेगडी त्याच संध्याकाळी बाहेर काढली.